सहीखालची दुसरी रेघ

"बोला, कोणाला पत्र द्यायचंय?"

समोरच्यानं नमस्कार करायच्या आत साहेब खिशातलं पेन काढायचे, टोपण पेनाच्या मागच्या टोकाला बसवायचे आणि हे वाक्य म्हणायचे. समोर कोण आहे याच्याशी त्याचा संबंध नसे. पुंगोलला मुलाच्या फ्लॅटमध्ये एसी साफ करायला आलेल्या तमिळ माणसालाही त्यांनी हेच विचारलं होतं. तो गोंधळला. "नो लेटर सर, ओन्ली साइन हिअर," म्हणाला आणि त्यानं कागद पुढं केला. साहेबांनी सही ठोकली. इतकी झोकदार सही एसीवाल्याच्या कागदावर त्याआधी कोणी केली नसेल.

साहेब म्हणजे आमच्या तालुक्याचे माजी आमदार. तीन वेळा निवडून आले, चौथ्या वेळी पडले. पण त्यांना 'माजी' म्हटलेलं चालत नसे. "आमदार माजी होत नसतो रे," ते म्हणायचे, "लोकांची आठवण माजी होते."

तुमच्याही तालुक्यात असे कोणी असतील. लग्नपत्रिकेत ज्यांचं नाव नवऱ्या मुलाच्या नावापेक्षा मोठ्या टायपात छापतात, तेराव्याला जे घरच्या माणसांच्या आधी हजर असतात, आणि ज्यांच्या बंगल्याच्या ओट्यावर सकाळी सातपासून माणसं चपला काढून बसलेली असतात. त्यातलेच हे. फरक एवढाच, की मला ते सापडले सिंगापूरला.

आधी माझं सांगून टाकतो, म्हणजे पुढं घोटाळा नको. माझे वडील पंचायत समितीत शिपाई. माझ्याआधी आमच्या घरात कोणी कॉलेजात गेलं नव्हतं. मी गेलो, इंजिनिअर झालो, जहाजदुरुस्तीच्या कामात पडलो आणि त्याच कामानं सिंगापूरला पोचलो. हे सगळं मार्कांवर झालं, कोणाच्या पत्रावर नाही. हे वाक्य मी जरा जोरात बोलतो, असं माझी बायको म्हणते. बोलतो. ज्यांच्या घरात तीन पिढ्या पदव्या भिंतीवर टांगल्यात त्यांनी हळू बोलावं.

एके दिवशी गावाकडून वडिलांचा फोन आला. आम्ही त्यांना आबा म्हणतो. आबांचा आवाज असा थरथरत होता, की मला वाटलं घरात काही झालं.

"आरं संत्या, साहेब तुज्या गावाला आल्यात. ल्योकाकडं. जाऊन भेटून ये."

"आबा, माझं गाव नाही हे. आणि ते राहतात कुठं?"

"ते मला काय ठावं? तू इंजिनिअर हायस न्हवं, हुडीक. आन् रिकाम्या हातानं जाऊ नको."

हुडकलं. मुलगा एका बँकेच्या कॉम्प्युटरच्या कामात, राहायला पुंगोलला. मी जुरोंग ईस्टला. म्हणजे बेटाचं हे टोक आणि ते टोक. एक गाडी बदलून पुंगोल गाठायचं, तिथून पुन्हा ती छोटी दोन डब्यांची एलआरटी. सव्वा तास जातो. मी फळं घेऊन गेलो. दार साहेबांनीच उघडलं, पेन निघालं, वाक्य झालं. मी म्हणालो, पत्र काही नको, मी अमक्या शिपायाचा मुलगा.

साहेबांचा चेहरा असा उजळला, की मलाच बरं वाटलं. तालुक्यापासून इतक्या लांब त्यांना त्यांच्या मतदारयादीतलं एक नाव भेटलं होतं.

"सूनबाई, चहा टाका! आपला पोरगा आलाय. याला मी शिकवला."

"साहेब, मी मेरिटवर—"

"हो, हो, मेरिटवरच. पण मेरिट लावायचं ठरवलं कुणी? आमच्याच सरकारनं ना?"

मी चहा प्यायलो.

पुढं महिन्यातून दोनदा तरी रविवारी जाणं होऊ लागलं. मला ओढ नव्हती. आबा दर रविवारी फोनवर विचारायचे, "गेलातास का साहेबांकडं?" आणि आबांशी मला खोटं बोलता येत नाही. पण खरं सांगायचं तर माणूस मजेशीर होता. राग यायचा आणि हसूही यायचं.

तिथल्या सरकारी इमारतींचा तळमजला मोकळा ठेवलेला असतो. खांब, फरशी, दगडी टेबलं, टेबलावर बुद्धिबळाचा पट कोरलेला. व्हॉइड डेक म्हणतात त्याला. साहेबांनी तिथं आपला ओटा मांडला. रोज सकाळी आंघोळ करून, पांढराशुभ्र झब्बा-लेंगा घालून, खिशाला पेन लावून ते एका टेबलाशी बसायचे. येणाऱ्या-जाणाऱ्याला हात जोडायचे. चिनी म्हाताऱ्या आधी दचकायच्या, मग सवयीनं त्याही हात जोडू लागल्या. एक निवृत्त टॅक्सीवाला चिनी अंकल समोर येऊन बसे. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. अंकल पटावर सोंगट्या मांडे आणि साहेब त्याला आपल्या दुसऱ्या निवडणुकीची हकिगत सांगत. अंकल मान डोलवायचा. "असा श्रोता तालुक्यात मिळाला नाही," साहेब म्हणायचे.

एकदा त्यांच्या ब्लॉकची लिफ्ट बंद पडली. साहेबांना आनंदच झाला. मला फोन करून म्हणाले, "इंजिनिअर, इंग्रजीत एक कडक निवेदन तयार कर. रहिवाशांच्या सह्या मी घेतो." मी ऑफिसातून मजकूर पाठवला तोवर दोन तास झाले होते आणि लिफ्ट चालू झाली होती. रविवारी गेलो तर साहेब खिन्न.

"दोन तासांत दुरुस्त!" ते म्हणाले. "असं झालं तर लोकांनी आमदाराकडं यायचं कशाला?"

हे ते विनोदानं म्हणाले नव्हते.

नात सात-आठ वर्षांची होती. एकदा आम्ही सगळे खाली हॉकर सेंटरला जेवायला गेलो. गर्दी होती. एका टेबलावर नुसतं टिश्यूचं पाकीट पडलेलं. साहेबांनी ते बाजूला सारलं आणि बसले. नात कळवळून ओरडली, "आजोबा, कॅनॉट लाह! समवन सिटिंग!" साहेबांनी इकडंतिकडं पाहिलं. "कोण बसलंय? मला तर कोणी दिसत नाही." सुनेनं समजावलं, की पाकीट ठेवलं म्हणजे जागा धरली, इथं तसा रिवाज आहे. साहेब उठले. पाकीट पुन्हा होतं तसं ठेवलं आणि उभ्या उभ्या मला म्हणाले, "टिश्यूच्या पाकिटाला इतका मान! मी दहा वर्षं सतरंज्या उचलल्या तेव्हा कुठं तिकीट मिळालं."

त्यांची कारकीर्द मी त्यांच्याच तोंडून इतक्यांदा ऐकली, की पाठ झाली. दूध सोसायटीचे सचिव, मग पंचायत समितीचे सभापती, मग आमदार. दोनदा मंत्रिपद हातातोंडाशी आलं आणि गेलं. चौथ्या निवडणुकीत त्यांच्याच पीएनं त्यांना पाडलं. त्यांच्याकडं पंधरा वर्षं डायरी सांभाळणारा माणूस, त्याला गावोगावची सगळी मेख ठाऊक. हे सांगताना मात्र ते आवाज खाली आणायचे. मग त्यांनी पक्ष बदलला. नव्या पक्षानं हार घातला, फोटो काढले आणि तिकीट दुसऱ्याला दिलं. साहेब रुसले तेव्हा वरच्या कोणीतरी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "तुम्ही आता आमदारकीत कशाला अडकता? तुम्हाला राज्यपाल करू."

झालं. त्या दिवसापासून हा माणूस राज्यपालपदाची निवडणूक लढवत होता. जिथं मतदान नसतं, मतदार नसतात, आणि उमेदवार कोण हेही कोणाला माहीत नसतं, अशी निवडणूक.

मुलाकडं आले तरी प्रचार थांबला नव्हता. दोन फोन जवळ. दिल्लीत आणि सिंगापुरात अडीच तासांचा फरक. घड्याळ बघून ते हिशोब करायचे, "आता तिथं साडेदहा, तिथले मोठे साहेब पूजेतून उठले असतील." फोन लावायचे. बहुतेक वेळा पलीकडून कोणी उचलत नसे. उचललाच तर हे उभे राहून बोलत. खुर्चीत बसून दिल्लीशी बोलताना मी त्यांना पाहिलं नाही. भारताचा नकाशा त्यांनी फ्रीजवर चिकटवला होता. "ईशान्येकडचं छोटं राज्य दिलं तरी चालेल. थंडी सोसते मला." लिटल इंडियातल्या शिंप्याकडून बंद गळ्याचा काळा कोट शिवून घेतला होता. सिंगापूरच्या त्या घामट हवेत तो कोट कपाटात प्लास्टिकच्या पिशवीत लटकत असायचा. सूनबाई मला हळूच म्हणाली, "दादा, दर आठवड्याला बाहेर काढून झटकायला लावतात हो."

एक दिवस त्यांनी मला काम सांगितलं. बायोडाटा. इंग्रजीत आणि वजनदार. "मुलाला सांगितलं तर तो एका पानात बसवतो. म्हणतो, एका पानापेक्षा जास्त कोणी वाचत नाही. अरे, चाळीस वर्षांचं सार्वजनिक जीवन एका पानात?"

मी घेतलं काम. आबांनी फोनवर दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग म्हणाले, "साहेबांचा कागद माजा पोरगा लिवतोय." त्यांनी हे पंचायत समितीत जाऊन सांगितलं असणार. निवृत्त होऊन किती वर्षं झाली होती, तरी सांगितलं असणार.

त्यासोबत साहेबांनी आणखी एक मागितलं. त्यांच्या डोक्यात फाईलीची कल्पना पक्की होती: वर बायोडाटा, खाली लाभार्थ्यांची पत्रं. ज्यांची कामं त्यांनी केली त्यांनी स्वतःच्या सहीनं लिहून दिलेली. तालुक्यातून नऊ पत्रं आली होती. "दहावं तुझं. परदेशातलं पाहिजे. फाईलीला वजन येतं. शिपायाचा पोरगा, आज सिंगापूरला इंजिनिअर, हे सगळं साहेबांमुळं. दोन पानं पुरेत."

मी म्हणालो, "बघतो." ते 'हो' समजले.

आता ते पत्र द्यायचं का नाही, हा माझ्यापुढं प्रश्न होता. माझा अभिमान म्हणत होता, की देऊ नये. आबांचा आवाज म्हणत होता, की दोन पानांनी तुझं काय जातंय. खरं सांगतो, मी द्यायच्या बाजूला झुकलो होतो. म्हाताऱ्या माणसाची हौस. 'साहेबांचं मार्गदर्शन लाभलं' असं काहीतरी मोघम लिहून सुटावं, असं ठरवत होतो.

तेवढ्यात तो आठवडा आला.

साहेबांच्या पुढच्याच ब्लॉकखाली तिथला लोकप्रतिनिधी आठवड्यातून एका संध्याकाळी लोकांना भेटायला बसतो, हे त्यांना अंकलच्या खाणाखुणांवरून कळलं. त्यांनी मला खास बोलावून घेतलं. "चल, बघू तरी, हे कसं करतात." आम्ही एका खांबाशी उभे राहिलो. प्लास्टिकच्या खुर्च्यांवर माणसं नंबर घेऊन बसलेली. तीन-चार स्वयंसेवक लॅपटॉप घेऊन एकेकाची अडचण टिपून घेत होते. कोणाला फ्लॅटचा प्रश्न, कोणाला झालेला दंड. मग माणूस आत जायचा, प्रतिनिधीला भेटायचा. त्याच्यासाठी संबंधित खात्याला पत्र जायचं.

"अरे!" साहेब माझा दंड धरून म्हणाले. "इथंही पत्रंच देतात!"

इतका आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर त्या देशात पाहिला नव्हता. दूरच्या गावी भावकीतलं घर सापडावं तसा. तासभर ते हलले नाहीत. मग कपाळाला आठी पडली.

"पण हा सगळ्यांना सारखीच सही करतो?"

"मग कशी करणार?"

"मग अधिकाऱ्याला कळतं कसं, कोणाचं काम करायचं आणि कोणाचं नाही ते?"

मला समजलं नाही. साहेब हसले. अगदी मोकळेपणानं, जवळच्या माणसाला धंद्यातली खुबी सांगावी तसं ते सांगू लागले. रोज शंभर माणसं पत्र मागायला यायची. नाही म्हणायचं नाही, हा त्यांचा नियम. प्रत्येकाला पत्र, प्रत्येकाला चहा. पण तालुक्यातल्या प्रत्येक अधिकाऱ्याला, मुख्याध्यापकाला, प्राचार्याला निरोप होता. सहीखाली दोन रेघा असल्या तर काम करायचं. एकच रेघ असली तर पत्र ठेवून घ्यायचं, माणसाला गोड बोलून वाटेला लावायचं.

"वीस वर्षं चाललं. एकालाही पत्ता लागला नाही," साहेब म्हणाले. "पत्र मिळालेला माणूस नाराज होत नाही. काम नाही झालं तर शिव्या अधिकाऱ्याला बसतात, आपल्याला नाही."

मी त्यांना त्यांच्या दारापर्यंत पोचवलं. गाडीत बसलो. जुरोंग ईस्टपर्यंत मला एकच गोष्ट दिसत होती.

माझी आक्का माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. अभ्यासात ती माझ्यापुढं होती, हे आमच्या शाळेत कोणालाही विचारा. बारावीनंतर तिला डी.एड. करून मास्तरीण व्हायचं होतं. यादीत तिचं नाव थोडक्यात राहिलं, प्रतीक्षेत पहिल्या काहींत होतं. आबा तीन दिवस साहेबांच्या ओट्यावर बसले. तिसऱ्या दिवशी प्राचार्यांच्या नावानं पत्र मिळालं. साहेबांनी आबांना चहा पाजला, पाठीवर हात ठेवला. आबांनी त्या पत्राची झेरॉक्स काढून घेतली, एवढा त्यांना त्याचा अभिमान. प्राचार्य गोड बोलले. जागा मिळाली नाही. पुढच्या वर्षी आक्काचं लग्न झालं. आज ती अंगणवाडीत मदतनीस आहे. मुलांचे हात धुते, खिचडी ढवळते, आणि तिच्याहून पंधरा वर्षांनी लहान सेविकेला 'बाई' म्हणते.

आमच्या घरात यासाठी साहेबांना कधी बोल लागला नाही. साहेबांनी त्यांच्याकडून केलं होतं. नशीब आक्काचं.

मी आक्काला फोन केला. म्हणालो, ती झेरॉक्स आहे का अजून, फोटो काढून पाठव.

"आबांच्या पेटीत आहे. कशाला रे पायजे?"

"साहेबांच्या फाईलीसाठी."

"बरं झालं. कामाला तरी आली."

दहा मिनिटांत व्हॉट्सॲपवर फोटो आला. मोठा करून बघायची गरज नव्हती. सहीखाली एक रेघ होती.

पुढच्या रविवारी मी गेलो. साहेब खालीच टेबलाशी होते, अंकल अजून आला नव्हता. मी फोन त्यांच्यापुढं धरला. त्यांनी चष्मा लावला.

"माझीच सही. कोणाचं हे?"

"माझ्या आक्काचं. डी.एड.चं."

"हं. एक रेघ आहे." आवाजात काही नव्हतं. डॉक्टरनं जुना एक्स-रे बघावा तसं त्यांनी बघितलं. "तेव्हा तुझे वडील कोणाकडं होते?"

"तुमच्याकडं. तुमच्या प्रत्येक निवडणुकीत रजा टाकून चिठ्ठ्या वाटल्या त्यांनी. नोकरी जाईल म्हणून आई रडायची तरी."

"मग बरोबर आहे," साहेब म्हणाले.

मी फोन तसाच त्यांच्यापुढं धरून होतो. त्यांना वाटलं, मला समजलं नाही. त्यांनी समजावून सांगितलं.

"अरे, जागा दोन आणि मागणारे चाळीस. दोन रेघा कोणाला द्यायच्या? जो उद्या पलीकडं जाईल त्याला. त्याला बांधून ठेवावं लागतं. तुझे वडील कुठं जाणार होते? आपला माणूस कुठं जात नाही. त्याला पत्र पुरतं." मग चष्मा काढून खिशात ठेवत, "ते जाऊ दे, जुनं झालं. तुझं पत्र आणलंस का?"

तुम्ही म्हणाल, मी ओरडलो असेन. नाही. माझा आवाज मलाच परका वाटला इतका तो थंड होता.

"नाही आणलं. देणारही नाही."

"का?"

"कारण खोटं आहे ते. माझं शिक्षण तुमच्यामुळं झालं नाही, साहेब. आक्काचं तुमच्यामुळं राहिलं. ते लिहून पाहिजे असेल तर देतो. सहीसकट."

साहेब रागावले असते तर सोपं गेलं असतं. ते घाबरले. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी त्यांना तोंडावर नाही म्हटलं असावं. दगडी टेबलावर त्यांचा हात सारखा फिरत होता.

"बघ इंजिनिअर, राज्यपालांची यादी पुढच्या महिन्यात आहे. नऊच होतात. नऊ बरं दिसत नाही. मी तुझ्यापेक्षा वयानं मोठा, पण हात जोडतो." आणि त्यांनी जोडले. लहानपणी त्यांच्या ओट्यावर माझ्या बापानं जोडलेले हात मी पाहिले होते, म्हणून सांगतो, हे तसेच होते. बोटं तशीच वाकलेली.

मला दया आली. ती आली म्हणून मला स्वतःचा राग आला. मी बायोडाटाची पानं त्यांच्यापुढं ठेवली. ती मी मन लावून लिहिली होती, एकही शब्द खोटा नाही, कबूल केलेलं काम मी अर्धं ठेवत नाही. पत्र दिलं नाही. वर चहालाही गेलो नाही.

यादी आली. साहेबांचं नाव नव्हतं. ज्यांना ईशान्येकडचं ते छोटं राज्य मिळालं ते गृहस्थ थोड्याच दिवसांपूर्वी दुसऱ्या पक्षातून आलेले होते. राग आला तर परत जातील, असं त्यांच्याबद्दल सगळे म्हणत. हे गणित साहेबांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. पण माणूस स्वतःच्या बाबतीत आपलं गणित मांडत नाही. साहेबांनी वेगळंच कारण शोधलं. मुलानं मला ते अवघडत सांगितलं. "बाबा म्हणतात, एक पत्र कमी पडलं."

गावी तर त्यांनी हे उघडच सांगितलं. परतले ते थेट तालुक्यात. तब्येत तोवर बिघडली होती. भेटायला येईल त्याला ते सांगत, राजभवन हातात होतं, एका शिपायाच्या पोरानं घात केला. याला मी शिकवला, आणि दोन पानं लिहायला याचा हात दुखला. तालुका लहान. आबांच्या कानावर हे चार ठिकाणांहून आलं.

आबांनी मला काही विचारलं नाही. फक्त माझा फोन आला, की ते तो आईच्या हातात द्यायचे. मागून त्यांच्या खोकल्याचा आवाज यायचा. मी म्हणायचो, "आबा कुठं आहेत?" आई म्हणायची, "बाहेर गेल्यात." खोकला चालूच असायचा.

वर्षभरात साहेब गेले. मुलगा पुंगोलहून जाऊन विधी करून आला. मला त्यानं तसा मेसेज केला, मीही दोन ओळी लिहिल्या. तालुक्यात बाजार बंद ठेवला होता म्हणे. ज्या पीएनं त्यांना पाडलं त्यानं खांदा दिला आणि रडला. आबा दम्याच्या माणसानं चालू नये इतकं चालत अंत्ययात्रेला गेले.

त्यानंतर मी सुट्टीवर घरी गेलो. आक्का मला भेटायला आलेली, आत भाकरी थापत होती. आबा कॉटवर बसले होते. मी पाया पडलो. त्यांनी पाय मागं घेतले नाहीत, पण हातही ठेवला नाही. ते दाराबाहेर बघत होते. मग म्हणाले,

"दोनच पानं लिवायची हुती न्हवं?"

"हो आबा."

"तुला इंग्रजी येतंय. तुला काय जड हुतं?"

मी कॉटपाशी खाली बसलो.

"मोठा मानूस हुता. एवढी एकच इच्छा घिऊन गेला. आन् लोक म्हनत्यात, आमच्या पोरानं..." त्यांना खोकला आला. तो थांबेपर्यंत मी थांबलो. "त्यांनी आपल्या आक्कीसाठी केलं हुतं, संत्या. न्हाई झालं ते तिचं नशीब. पर त्यांनी केलं हुतं. आपन त्यांच्यासाठी न्हाई केलं."

आतला भाकरीचा थप थप आवाज बंद झाला होता.

मला उत्तर येत होतं. एका वाक्याचं होतं. ते वाक्य बोललो असतो तर मी स्वच्छ सुटलो असतो, आणि आबांची पंचवीस वर्षं तिथंच कॉटवर संपली असती: ते तीन दिवस, त्या रजा, त्या चिठ्ठ्या, पाठीवरचा तो हात. आणि आक्काला आतून सगळं ऐकू आलं असतं.

चूक नसताना मी कधी माफी मागितलेली नाही. शाळेत नाही, यार्डात गोऱ्या सुपरिंटेंडंटपुढं नाही, बायकोपुढंही नाही.

"चुकलं माझं, आबा," मी म्हणालो. "द्यायला पाहिजे होतं."

आबांनी पहिल्यांदा माझ्याकडं नीट पाहिलं. मान हलवली.

"असू दे आता," ते म्हणाले. मग आत बघून ओरडले, "आक्के, वाढ गं याला. लांबनं आलाय."